प्लास्टिकमधल्या थॅलेट्समुळे मुलग्यांच्या वाढीवर खरंच परिणाम होतो का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की बायकोला तिसरा महिना सुरू आहे, घरात दोन वर्षांचा मुलगा आहे जो मऊ प्लास्टिकची खेळणी दिवसभर चावत असतो, आणि वाचनात आलंय की प्लास्टिक मऊ करणाऱ्या केमिकल्समुळे मुलग्यांचे जननेंद्रिय नीट घडत नाहीत, पुढे स्पर्म काउंट कमी होतो. मग मुलाची लघवीची टेस्ट करायची का, घरातलं सगळं प्लास्टिक फेकायचं का, आणि पोटातल्या बाळाचं काय. मी लहान मुलांच्या हार्मोन्सचा डॉक्टर आहे, हा प्रश्न ओपीडीत सतत येतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

आधी एक गोष्ट. तुम्ही काळजी दोन वर्षांच्या मुलाची जास्त करताय आणि पोटातल्या बाळाची कमी, ती उलटी हवी. या विषयात किती केमिकल गेलं याच्याइतकंच, किंबहुना जास्त, ते कधी गेलं याला महत्त्व आहे.

आता हे केमिकल्स म्हणजे नक्की काय. पीव्हीसी मुळात कडक असतं, पाइप असतो ना तसं. त्याचीच लवचिक नळी, रेक्झिन, फरशीवर अंथरायचं व्हायनिल, रेनकोट, मऊ बाहुली करायची तर त्यात तेलासारखा एक द्रव मिसळतात, आणि तो थोडाथोडका नाही, मऊ पीव्हीसीत वजनाच्या २० ते ४० टक्के सहज असतो. वर्षानुवर्षं या कामाला थॅलेट्स वापरले जातात, सगळ्यात प्रसिद्ध डीईएचपी, शिवाय डीबीपी, बीबीपी, डीआयएनपी वगैरे भावंडं. मुद्दा हा की हा द्रव प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता आत मुरलेला असतो, त्यामुळे तो हळूहळू बाहेर येतो, गरम झालं की जास्त, आणि तेलकट स्निग्ध पदार्थ लागला की अजून जास्त कारण हे स्वतःच तेलात विरघळणारे.

इथेच दोन गैरसमज बाजूला करतो कारण त्यावर लोकांचा फार वेळ जातो. पाण्याच्या पातळ पारदर्शक बाटल्या पेट नावाच्या प्लास्टिकच्या असतात, त्या नावात टेरेफ्थॅलेट आहे पण ते वेगळ्या रचनेचं आहे आणि ते प्लास्टिकचा कणाच आहे, मऊ करायला घातलेलं नाही. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिथिलीनचे डबे तर मुळातच मऊ करायला काही लागत नाही. आणि दुसरं, डब्यावर बीपीए फ्री लिहिलंय म्हणून निर्धास्त होणारे लोक खूप भेटतात, पण बीपीए हा वेगळाच प्राणी, तो कडक पॉलिकार्बोनेट बनवायला वापरतात, त्या शिक्क्याचा थॅलेट्सशी काडीचा संबंध नाही.

आता मूळ विषयाकडे. गर्भात सुरुवातीला मुलगा आणि मुलगी दोघांची बाह्य जननेंद्रियं सारखीच दिसतात. मुलग्यात वृषण तयार झाले की त्यातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवायला लागतात आणि त्या हार्मोनच्या जोरावर पुढची सगळी घडण होते, लिंग, लघवीच्या नळीचं बंद होणं, अंडकोशाची पिशवी, आतल्या शुक्रवाहिन्या. माणसात हा काळ साधारण ८ ते १४ आठवड्यांचा धरतात, रॅट जातीच्या उंदरात गर्भाच्या साधारण साडेपंधराव्या ते साडेअठराव्या दिवसाचा. या काळात टेस्टोस्टेरॉन कमी पडलं तर घडण अर्धवट राहते आणि नंतर कितीही हार्मोन वाढलं तरी ती उणीव पूर्ण भरून निघत नाही. अवयव आकाराने वाढतात ते नंतर, बाळंतपणापर्यंत आणि पुढे वयात येताना, पण नकाशा ठरतो तो या सहा आठवड्यांत. म्हणून म्हटलं की तिसरा महिना महत्त्वाचा.

थॅलेट्स इथे काय करतात? बरेच जण म्हणतात की ते इस्ट्रोजेनसारखं वागतात, "मुलग्यांना बायकी करतात" वगैरे. हे चूक आहे. डीईएचपी शरीरात गेलं की आतड्यातच त्याचा एक तुकडा पडतो, एमईएचपी, आणि खरा उपद्व्यापी तो. तो टेस्टोस्टेरॉनच्या रिसेप्टरवर जाऊन बसत नाही, इस्ट्रोजेनचं सोंगही घेत नाही, तो गर्भातल्या लायडिग पेशींमधली हार्मोन बनवायची यंत्रणाच मंद करतो, म्हणजे कोलेस्टेरॉल पेशीच्या आत नेणारं प्रोटीन आणि त्याचं हार्मोन बनवणारी एन्झाइम्स यांचे जीन्स कमी चालतात. शिवाय त्याच पेशी इन्सुलिन-लाइक ३ नावाचं एक वेगळं हार्मोन बनवतात, जे वृषणांना पोटातून खाली ओढणाऱ्या दोरीसारख्या बंधाला जाड करतं, तेही कमी होतं. त्यामुळे एकाच वेळी दोन गोष्टी बिघडतात, घडण आणि वृषणांचं खाली उतरणं.

उंदरांमध्ये, म्हणजे रॅटमध्ये, हे अगदी पक्कं सिद्ध आहे, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. २००० साली अमेरिकेतल्या अर्ल ग्रे यांच्या गटाने गाभण माद्यांना दर किलो वजनामागे रोज ७५० मिलिग्रॅम या डोसने वेगवेगळे थॅलेट्स दिले, तर डीईएचपी आणि बीबीपीच्या गटात ८० टक्क्यांहून जास्त नर पिल्लांमध्ये दोष निघाले, लघवीचं छिद्र भलतीकडे, वृषण न उतरलेले, एपिडिडिमिस (वृषणाला लागून असलेली, शुक्राणू साठवणारी नळी) अर्धवट, नरांना मादीसारखी स्तनाग्रं राहिलेली. डीआयएनपीत हेच प्रमाण साधारण ८ टक्के. आणि डीईपी, म्हणजे परफ्युम आणि क्रीममध्ये वास टिकवायला वापरतात तो, त्याने काहीच झालं नाही. कारण रेणूच्या शेपटीची लांबी, साधारण ३ ते ६ कार्बनची मुख्य साखळी असली की ते त्रासदायक, त्याहून आखूड किंवा बरीच लांब असली की नाही. त्यामुळे "थॅलेट्स" म्हणून सगळ्यांना एकाच माळेत ओवणं बरोबर नाही, मात्र जे त्रासदायक आहेत त्यांची बेरीज होते, प्रत्येकाचा डोस एकट्याने निरुपद्रवी असला तरी पाच जण मिळून तोच परिणाम करू शकतात, हे प्रयोगात दिसलंय आणि म्हणूनच २००८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने यांचा धोका एकत्र मोजा असं सांगितलं.

पण ७५० मिलिग्रॅम हा आकडा परत बघा. सामान्य माणसाच्या शरीरात रोज जातं ते दर किलोमागे काही मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचे हजारावे भाग. लाख पटीहून जास्त फरक आहे. रॅटमध्ये काहीच परिणाम न दिसणारा डोस डीईएचपीसाठी साधारण ४.८ मिलिग्रॅम निघतो, त्याला १०० ने भागून युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची चालण्यासारखी मर्यादा ५० मायक्रोग्रॅम प्रति किलो ठेवली, आणि २०१९ मध्ये तीच मर्यादा डीबीपी, बीबीपी, डीईएचपी आणि डीआयएनपी या चौघांना मिळून केली. बहुतेक लोक याच्या बरेच खाली असतात.

मग माणसांत काही दिसतं का? दिसतं, पण बारीक. इथे एक माप कळायला हवं, गुदद्वार ते जननेंद्रिय (मुलग्यांत अंडकोश) हे अंतर. मुलग्यांत ते मुलींपेक्षा जवळपास दुप्पट असतं आणि गर्भातल्या त्या ठरावीक काळात टेस्टोस्टेरॉन किती मिळालं याची ते जन्मभराची नोंद असते असं समजा. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक शाना स्वान यांच्या गटाने ८५ मुलग्यांमध्ये हे अंतर मोजून आईच्या गरोदरपणातल्या लघवीतल्या थॅलेट्सशी ताडून पाहिलं आणि ज्यांच्या आईत काही थॅलेट्स जास्त त्यांच्यात अंतर कमी, असं दिसलं. गंमत म्हणजे त्या यादीत डीईपीही होतं जे रॅटमध्ये काही करत नाही, त्यामुळे तेव्हाच अनेकांच्या भुवया वर गेल्या. मग २०१५ मध्ये त्यांचाच मोठा टाइड्स अभ्यास आला, या वेळी नमुने पहिल्या तिमाहीतले, म्हणजे नेमके हव्या त्या काळातले, आणि त्यात डीईपीचा संबंध गेला, डीईएचपीचा राहिला, हे मला जास्त पटण्यासारखं वाटतं कारण ते रॅटच्या निकालाशी जुळतं. त्याच वर्षी स्वीडनच्या अभ्यासात संबंध डीआयएनपीशी निघाला. उलट डेन्मार्कमधल्या ओडेन्सेच्या अभ्यासात ठोस काही सापडलं नाही. आणि फरक केवढा, तर आईमधलं प्रमाण १० पट वाढलं तर साधारण अडीच सेंटिमीटरच्या अंतरात एक-दीड मिलिमीटर. तुमच्या बाळाला बघून कोणीही डॉक्टर हे सांगू शकणार नाही, हा शेकडो मुलांची सरासरी काढल्यावर दिसणारा फरक आहे.

आणि आता दुसरी बाजू, जी भीतीदायक व्हिडिओत कधी येत नाही. २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी मानवी गर्भाच्या वृषणाचे तुकडे उंदरांच्या शरीरात रुजवून त्यांना थॅलेट्स दिले. रॅटच्या तुकड्यांत टेस्टोस्टेरॉन पडलं, माणसाच्या तुकड्यांत पडलं नाही! घरात दिसणाऱ्या लहान उंदराच्या जातीतही, म्हणजे माउसमध्ये, ते तसं पडत नाही. मग माणूस रॅटसारखा की माउससारखा? या प्रयोगांवर आक्षेप आहेत, बरेचसे तुकडे १४ आठवड्यांच्या पुढचे होते म्हणजे महत्त्वाचा काळ उलटून गेलेला, त्यामुळे "माणूस सुरक्षित" असा शिक्का मी मारणार नाही. शिवाय माणसाच्या तुकड्यांतही पुढे शुक्राणू बनवणाऱ्या मूळ पेशींमध्ये एकाऐवजी अनेक केंद्रकं असलेल्या विचित्र पेशी वाढलेल्या दिसल्याच, जे माउसमध्येही होतं. म्हणजे हार्मोनच्या वाटेने नाही तर दुसऱ्या वाटेने काही होत असावं. माझं मत विचाराल तर माणसात परिणाम आहे, लहान आहे, आणि रॅटवरून जेवढं घाबरवलं जातं तेवढा नाही.

स्पर्म काउंटचं काय, तर २०१७ चं ते गाजलेलं विश्लेषण, ज्यात पाश्चात्त्य देशांत १९७३ ते २०११ या काळात शुक्राणूंचं प्रमाण ५० टक्क्यांहून जास्त घटलं असं निघालं, ते थॅलेट्सबद्दल नव्हतंच. घट कशामुळे हे त्यात मोजलेलंच नाही. वजन, धूम्रपान, मोजण्याच्या पद्धती, बरंच काही त्यात येतं. मोठ्या पुरुषांत थेट पुरावा पाहायचा तर मला एक अभ्यास फार आवडतो. आतड्याच्या सुजेवरच्या मेसालामाइनच्या काही गोळ्यांच्या वेष्टणात डीबीपी असायचं आणि ती घेणाऱ्यांच्या लघवीत त्याचं प्रमाण सामान्य माणसापेक्षा कैक पटींनी जास्त. त्याच पुरुषांना डीबीपी असलेली आणि नसलेली गोळी आलटून पालटून देऊन वीर्य तपासलं, तर डीबीपीच्या काळात शुक्राणूंची हालचाल मंदावलेली दिसली. एवढ्या मोठ्या डोसला परिणाम, पण कोसळणं नाही. (तुमच्यापैकी कोणी ही औषधं घेत असेल तर स्वतःच बंद करू नका, वेष्टणात काय आहे ते फार्मासिस्टला विचारा, दुसरा ब्रँड मिळतो.)

आता दोन वर्षांचा मुलगा. जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत मुलग्यांत टेस्टोस्टेरॉन पुन्हा एकदा वर जातं, एक ते तीन महिन्यांच्या आसपास सगळ्यात जास्त, आणि सहा महिन्यांपर्यंत खाली येतं. याला आम्ही मिनिप्युबर्टी म्हणतो. त्या काळात सर्टोली पेशींची, म्हणजे वृषणातल्या शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशींची, संख्या वाढते आणि पुढे मोठेपणी शुक्राणू किती बनू शकतील याची कमाल मर्यादा बरीचशी त्या संख्येवर ठरते, म्हणून तान्ह्या बाळाबाबत सावध राहणं योग्यच. दोन वर्षांचा झाल्यावर मात्र वृषण बरीच वर्षं शांत असतात. लहान मुलं सगळं तोंडात घालतात, जमिनीवरची धूळ खातात, वजन कमी, त्यामुळे किलोमागे त्यांच्यात मोठ्यांपेक्षा जास्त जातं हे खरं, पण त्याने घडलेला अवयव परत बिघडत नाही. खेळण्याबद्दल एवढंच की युरोपमध्ये १९९९ पासून आणि अमेरिकेत २००८ च्या कायद्यापासून लहान मुलांच्या खेळण्यांत यातल्या प्रमुख थॅलेट्सना ०.१ टक्का ही मर्यादा आहे, ती पाळणारी खेळणी घ्या, आणि जुनी, चिकट झालेली, कुठली कोणाची माहीत नाही अशी मऊ बाहुली सरळ काढून टाका. वास घेऊन ओळखायला जाऊ नका, डीईएचपीला वास जवळपास नसतोच.

लघवीची टेस्ट? नको. हे पदार्थ काही तासांत तुटून दिवसाभरात बाहेर पडतात. सकाळची लघवी आणि संध्याकाळची लघवी यात जमीन-अस्मानाचा फरक येऊ शकतो, कारण दुपारी काय खाल्लं ते. हजार लोकांच्या अभ्यासात हे चालतं, एका मुलाच्या बाबतीत रिपोर्ट हातात घेऊन काय करणार, कुठला आकडा म्हणजे आजार असं काही ठरलेलंच नाही. आणि त्याच कारणाने "डिटॉक्स" ज्यूस, पावडरी, पॅकेजेस विकणाऱ्यांपासून लांब राहा. जे शरीर स्वतःच दिवसभरात काढून टाकतं ते काढायला पैसे का द्यायचे?

हाच अल्प मुक्काम तुमच्या फायद्याचा आहे पण. आत येणं कमी केलं की प्रमाण लगेच पडतं. एका जर्मन प्रयोगात काही जणांनी ४८ तास उपास केला तर डीईएचपीचे अंश पहिल्या दिवसातच पाच-दहा पटींनी खाली आले, म्हणजे ते मुख्यतः अन्नातून येतं हे त्यातून कळलं, पण डीबीपी आणि डीईपी तसे पडले नाहीत कारण ते कॉस्मेटिक्स, वास, हवा यातूनही येतात. अमेरिकेत २० लोकांना तीन दिवस ताजं, पॅकिंगशिवायचं जेवण दिलं तर डीईएचपीचे अंश निम्म्याहून कमी झाले. पण असाच दुसरा प्रयोग २०१३ मध्ये सिएटलमध्ये केला तेव्हा ताजं जेवण देऊनही प्रमाण वाढलं! शोधलं तर दळलेल्या धन्यात आणि दुधात डीईएचपी सापडलं, म्हणजे बहुधा कारखान्यातली दळण्याची मशिनं, नळ्या, पट्टे यातून आलेलं, जे ताटातल्या माणसाला दिसणं शक्यच नाही. त्यामुळे मी पेशंटना सांगतो, आपल्या हातात आहे तेवढं करा, उरलेल्याचा अपराधीपणा घेऊ नका, ते काम कायदे करणाऱ्यांचं आहे.

हातात काय आहे ते सांगतो. बायकोने आत्ता, खरं तर पहिल्या तिमाहीपासूनच, गरम आणि तेलकट अन्न मऊ प्लास्टिकला लागू देऊ नये, साठवायला आणि गरम करायला काच किंवा स्टील, क्लिंग फिल्म लावून मायक्रोवेव्ह करणं बंद. पॅकबंद आणि जास्त प्रक्रिया केलेलं अन्न जमेल तितकं कमी. दूध, डाळी, भाज्या मात्र बंद करू नये, पोषण कमी पडलं तर बाळाचं नुकसान यापेक्षा कितीतरी मोठं होतं. घमघमणारे बॉडी स्प्रे, रूम फ्रेशनर या महिन्यांत बाजूला ठेवायला काही जात नाही. फरशी ओल्या फडक्याने पुसणं, जेवायच्या आधी हात धुणं, कारण केमिकल्स धुळीला चिकटतात. घरात नवीन व्हायनिल फ्लोअरिंग करायचं असेल तर पुढे ढकला. बस. स्वयंपाकघर रिकामं करायची गरज नाही. आणि घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती आधी बंद करा, आईचं धूम्रपान आणि त्याहून जास्त म्हणजे बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मणं, यांचा वृषण न उतरण्याशी संबंध थॅलेट्सपेक्षा कितीतरी ठळक आहे.

एक सांगायचं राहिलं. बाळ वेळेआधी झालं आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागलं तर सलाइनच्या नळ्या, रक्ताच्या पिशव्या यातून डीईएचपी जातं, आणि तिथे डोस खरोखर मोठा असतो, २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) पुरुष नवजात बालकांसाठी पर्यायी साहित्य वापरा अशी सूचना दिली ती यामुळेच. जिथे पर्याय आहे तिथे विचारा, पण यासाठी रक्त किंवा उपचार नाकारू नका. इक्मो मशिनवर, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन घालणाऱ्या मशिनच्या नळ्यांच्या जाळ्यात, नवजात असताना राहिलेल्या थोड्या मुलांना किशोरवयात तपासलं गेलं होतं, २००४ मध्ये छापून आलं, तर त्यांची वाढ आणि हार्मोन्स नॉर्मल निघाले.

आता खरं उपयोगी. बाळ मुलगा झाला तर डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, दोन्ही वृषण पिशवीत आहेत का आणि लघवीचं छिद्र टोकाला आहे का. छिद्र खाली असेल तर सुंता करू नका, दुरुस्तीच्या ऑपरेशनला ती कातडी लागते. पूर्ण दिवसांच्या मुलग्यांत साधारण २ ते ४ टक्क्यांत वृषण उतरलेला नसतो आणि बरेचसे पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात, सहा महिन्यांनंतर वाट बघण्यात अर्थ नाही, ऑपरेशन ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान झालेलं चांगलं. आणि तुमच्या दोन वर्षांच्या मुलाची लघवी तपासण्याऐवजी हे तपासा, कोमट पाण्याने आंघोळ घालताना, तो निवांत असताना, दोन्ही बाजूंना गोळी हाताला लागते का. थंडीत किंवा घाबरल्यावर वर जाऊन परत खाली येत असेल तर ते चालतं, डॉक्टरांना पुढच्या लसीच्या वेळी दाखवून खात्री करा. एक बाजू कधीच लागत नसेल तर मात्र लहान मुलांच्या सर्जनकडे याच आठवड्यात जा, त्या वयात आधीच उशीर झालेला असतो.